घराची मांडणी : उंबरठ्यापासून नहाणीघरापर्यंत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या व्याख्यानमालेसाठी आम्हांस पाचारण झाले तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत, मराठ्यांचा उत्तरेतील इतिहास अशा विषयांवर अधिकारी व्यक्ती बोलून गेल्या आहेत. आम्ही पडलो केंद्र सरकारच्या सेवेतील एक अधिकारी. शिक्षण बी. ए. पर्यंत, तेही इतिहास घेऊन. आणि आयुष्याची तीस वर्षे टिपणे लिहिण्यात व दुसऱ्यांच्या टिपणांवर शेरे मारण्यात खर्ची पडलेली. परंतु कार्यवाह म्हणाले, "तुम्ही घर बांधलेत ना? मग त्यावरच बोला. निम्म्या सभासदांनी बांधून पस्तावा केला आहे आणि उरलेले बांधण्याच्या बेतात आहेत." या युक्तिवादापुढे आमचे काही चालले नाही. सबब, आम्ही स्थापत्यशास्त्रज्ञ नाही हे आरंभीच नमूद करून, घराच्या मांडणीविषयी आम्हांस जे अनुभवाने कळले तेवढेच आपणांपुढे ठेवतो.

सरकारी नोकराच्या वाट्याला घराचा विचार फार उशिरा येतो. आमची सात निवासस्थाने झाली, पाच शहरांत. बदलीचा हुकूम आला की सामान बांधावे, नव्या गावी किल्ली ताब्यात घ्यावी, आणि खोल्या जशा असतील तसे आपण स्वतःस बसवून घ्यावे, असा शिरस्ता. घराने माणसाच्या मापाचे असावे, ही कल्पनाच आम्हांस शिवली नव्हती. माणसानेच घराच्या मापाचे व्हायचे असते, अशी आमची समजूत होती. पन्नाशीपर्यंत ती खपूनही गेली, कारण तोवर आमच्या घरातील सर्वांचे गुडघे शाबूत होते.

डिसेंबर २०१८ मधील एका रात्री आमच्या मातोश्री नहाणीघराच्या दारात पडल्या. त्या वेळी त्यांचे वय एकोणऐंशी होते. त्या काळी आम्ही राहत होतो त्या निवासस्थानात नहाणीघराची फरशी खोलीपेक्षा तीन इंच खाली, आणि पाणी बाहेर येऊ नये म्हणून दारात पुन्हा तीन इंचांचा कठडा. म्हणजे पाऊल आधी वर उचलावयाचे आणि मग सहा इंच खाली टाकावयाचे. दिव्याचे बटण दाराच्या बाहेर, पण दार उघडले की त्याच्या मागे जाणारे. अशी नहाणीघरे आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असतील, आणि त्यांत रोज कोणी पडत नाही म्हणून ती निर्दोष वाटतात. मातोश्रींच्या मांडीचे हाड खुब्याशी मोडले. शस्त्रक्रिया होऊन खुब्याचा अर्धा सांधा बदलण्यात आला आणि दहा दिवसांनी त्या चाकांच्या खुर्चीतून घरी आल्या.

घरी आल्यावर असे आढळले की खुर्ची नहाणीघरात जात नाही. दरवाजा अडीच फुटांचा, म्हणजे पंचाहत्तर सें.मी.; परंतु ते माप चौकटीचे बाहेरून. चौकटीची जाडी आणि उघड्या फळीची जाडी वजा जाता मोकळी वाट उरली सहासष्ट सें.मी. खुर्ची पासष्टांची. म्हणजे खुर्ची कशीबशी जाईल, पण चाके फिरविणाऱ्या हातांची बोटे जाणार नाहीत. शेवटी आम्ही दाराची फळीच बिजागऱ्यांतून काढून टाकली, कठड्यावर लाकडी पाचर ठोकली, आणि दाराच्या जागी पडदा लावला.

तो पडदा चार महिने राहिला. मातोश्री एकतीस वर्षे मुलींच्या शाळेत गणित शिकवीत होत्या. वर्गात त्यांचा आवाज कधी चढला नाही आणि कधी चढविण्याची गरजही पडली नाही, असे त्यांच्या विद्यार्थिनी सांगतात. त्या चार महिन्यांत त्या पडद्यामागे गेल्या की आम्ही सारे घरातील दुसऱ्या टोकास जाऊन मोठ्याने बोलत बसत असू. त्यांच्याही ते ध्यानात येत असेच. त्यांनी तक्रार केली नाही. फक्त पाणी कमी पिऊ लागल्या. डॉक्टरांनी विचारले तेव्हा आम्हांस त्याचे कारण कळले, आणि ते कळल्यावर त्या रात्री आम्हांस झोप आली नाही.

इथे लखनौमध्ये आमचा एक भूखंड होता; तीस फूट बाय पन्नास फूट, शहराच्या कडेला, पूर्वेकडे तोंड करून. निवृत्तीनंतर बांधू म्हणून पंधरा वर्षे पडून होता. तो आताच बांधावा असे आम्ही ठरविले आणि मातोश्रींना विचारले की घरात काय काय हवे. आमची अपेक्षा होती की त्या देवघर म्हणतील, तुळस म्हणतील. त्या म्हणाल्या, "अरे, आतून दार लावून बसता येईल एवढं कर. बाकी तुम्हांला सुचेल तसं बांधा."

आराखडा ज्यांनी केला त्या वास्तुविशारद तरुण होत्या, आमच्या कन्येपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या. त्यांनी पहिल्याच भेटीत आमच्या अज्ञानाचा एक पडदा दूर केला. आमचा समज असा की अपंगांसाठी घर म्हणजे रुग्णालयासारखे काहीतरी वेगळे, कुरूप आणि खर्चिक असणार. त्यांनी रोनाल्ड मेस या अमेरिकन वास्तुविशारदाची हकिगत सांगितली. लहानपणी पोलिओ झाल्याने मेस आयुष्यभर चाकांच्या खुर्चीत होते. १९९८ मध्ये ते निवर्तले. त्यांचा आग्रह असा की अपंगांसाठी निराळी वास्तू नकोच. मुळात प्रत्येक वास्तू अशी असावी की ती सर्वांना, कोणतीही खास दुरुस्ती न करता वापरता यावी. रुंद दारातून खुर्ची जाते, तशीच बाळाची गाडी जाते, धान्याचे पोते जाते, आणि दिवाळीच्या आधी रंगकामासाठी बाहेर काढावयाचे कपाटही जाते. हा विचार आम्हांस एकदम पटला. त्यात दया नव्हती, हिशेब होता.

आपल्या देशात २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. त्याच वर्षी राष्ट्रीय बांधकाम संहितेची नवी आवृत्ती निघाली, आणि २०२१ मध्ये केंद्र सरकारने सर्वांना सुगम अशा बांधकामाची मार्गदर्शक तत्त्वे सुधारून प्रसिद्ध केली. त्यांतील मापे फार अवघड नाहीत. दरवाजाची मोकळी वाट ९०० मि.मी.; खुर्ची जागच्या जागी वळविण्यास १५०० मि.मी. व्यासाचे वर्तुळ, उतरत्या वाटेचा चढ बारास एक, म्हणजे एक हात चढावयाचे तर बारा हात लांबी. परंतु हा सारा कटाक्ष कचेऱ्या, शाळा, रुग्णालये इत्यादी लोकांच्या वापरातील इमारतींसाठी. आपल्या राहत्या घरात मोजपट्टी घेऊन कोणी तपासावयास येत नाही. आणि गंमत अशी की त्याच संहितेत संडासाची किमान जागा १.१ चौरस मीटर, तीही नऊशे मि.मी. रुंदीची, एवढी चालते. नियमाने चालते म्हणून आपण तेवढीच ठेवतो. किमान म्हणजे पुरेसे, असा अर्थ सरकारी भाषेत मुरलेल्या आमच्यासारख्यांनीही कधी तपासून पाहिला नव्हता.

आता आम्ही केलेली जी एक गोष्ट आपणांस आवर्जून सांगावीशी वाटते, तिकडे वळतो. नकाशा कागदावर पाहून घर कळत नाही. कागदावर सारे प्रशस्त दिसते, कारण कागदावर आपण पाखरासारखे वरून पाहत असतो. आम्ही वसाहतीतील बॅडमिंटनच्या मैदानावर, जानेवारीतील एका रविवारी ऊन पडल्यावर, तळमजल्याचा नकाशा चुन्याच्या फक्कीने खऱ्या मापात आखला. भिंतींच्या जागी विटा मांडल्या, पलंगाच्या जागी सतरंजी, ओट्याच्या जागी दोन बाके. आणि मातोश्रींना खुर्चीत बसवून त्या आखणीतून फिरविले. वसाहतीतील मंडळी कडेला जमून पाहत होती. एकाने पूजा केव्हा आहे असेही विचारले.

त्या एका सकाळी आम्हांस जे कळले ते वर्षभर नकाशे पाहून कळले नसते. खोल्यांमधील बोळ तीन फुटांचा होता. त्यातून खुर्ची सरळ जाई, पण काटकोनात वळून खोलीत शिरावयाचे म्हटले की पाऊल ठेवण्याची पट्टी समोरच्या विटांवर आपटे. बोळ चार फुटांचा झाला आणि त्यासाठी बैठकीची खोली एक फूट आखूड झाली. ओटा आणि समोरच्या कपाटामधील चार फूट आमच्या पत्नीस ऐसपैस वाटत होते. तेथे गेलेली खुर्ची मात्र उलटीच बाहेर काढावी लागली. तेथे पाच फूट केले. पलंगाच्या कोणत्या बाजूला जागा सोडावयाची, हे तर आमच्या ध्यानातही नव्हते. मातोश्रींचा शस्त्रक्रिया झालेला पाय उजवा. त्या डाव्या पायावर भार देऊन उठत, म्हणून खुर्ची डावीकडेच लागावयास हवी आणि भिंत उजवीकडे. त्यांनी स्वतः हे ओळखून सतरंजी फिरवावयास लावली. गणिताच्या शिक्षिका, फक्कीच्या रेषा पाहून त्यांनी एक कोन नव्वद अंशांचा नाही हेही दाखवून दिले, आणि तो खरेच नव्हता.

चौथऱ्याचा प्रश्न सर्वांत बिकट ठरला. संहितेप्रमाणे चौथरा भोवतालच्या जमिनीपेक्षा निदान पंचेचाळीस सें.मी. उंच असावा, आणि लखनौच्या पावसाळ्यात रस्त्यावर तुंबणारे पाणी ज्यांनी पाहिले आहे ते हे माप कमी करा असे म्हणणार नाहीत. शिवाय रस्ता दर डांबरीकरणागणिक वर येतच असतो. पंचेचाळीस सें.मी. चढावयाचे तर बारास एक या हिशेबाने उतार हवा पाच मीटर चाळीस सें.मी. लांब, त्याच्या माथ्यावर व पायथ्याशी दीड-दीड मीटरची सपाट जागा. एकूण आठ मीटर चाळीस. घरापुढे आम्ही सोडलेली जागा अवघी तीन मीटर खोल. सरळ उतार बसणे अशक्य. परंतु भूखंडाची रुंदी होती नऊ मीटरांहून किंचित अधिक. म्हणून उतार घराला समांतर, या कुंपणापासून त्या कुंपणाकडे, आडवा घेतला. तो नेमका बसला. फक्त मोटारीची जागा गेली. आमची मोटार आजतागायत रस्त्यावर उभी असते. तिला छप्पर नाही याबद्दल शेजारी अद्याप हळहळतात. उतारावर कठडा, दोन्ही बाजूंस कडा, आणि पृष्ठभाग खरखरीत; गुळगुळीत पॉलिश केलेला उतार म्हणजे पावसाळ्यातील घसरगुंडी.

यानंतर उंबरठ्याचा प्रसंग. चाकांच्या घरात उंबरठा नको, हे उघड आहे. पण उंबरठा म्हणजे निव्वळ चौकटीचे खालचे लाकूड नव्हे, हे आपणा मराठी मंडळींस आम्ही काय सांगावे? सकाळी त्यावर हळदकुंकू वाहावयाचे, त्याच्याशी रांगोळीची दोन बोटे ओढावयाची, नव्या सुनेने तेथले माप ओलांडून आत यावयाचे. सूर्यास्ताला त्यावर बसू नये म्हणून आपण सर्वांनी बोलणी खाल्लेली. आमच्या मिस्त्रींनाही पटेना. "बाबूजी, बिना दहलीज का घर?" असे ते दोनदा म्हणाले. आणि ज्यांच्यासाठी हे सारे चालले होते त्या मातोश्री म्हणाल्या, "उंबरठ्याशिवाय घर म्हणजे धर्मशाळाच की."

इथे आम्ही निरुत्तर झालो. तीन दिवस वाद चालला. शेवटी वास्तुविशारदबाईंनी मार्ग काढला. दारात, चौकटीच्या रुंदीएवढा काळ्या कडप्प्याचा पट्टा फरशीच्या पातळीत बसवावा. रंग निराळा, दगड निराळा, उंची शून्य. बारा मि.मी. पर्यंतची कड, निमुळती केली तर, चाकाला अडत नाही. परंतु आम्ही तीही ठेवली नाही. काळ्या दगडावर हळदकुंकू उठून दिसते आणि रांगोळी तर पांढऱ्या फरशीपेक्षा शतपटीने शोभते. खुर्चीतून वाकून मातोश्रींचा हात तेथवर पोचत नसे. हळदकुंकू आमची पत्नी वाही आणि त्या पाहत बसत. उंबरठा पाणी व किडामुंगी बाहेर ठेवतो, हे त्याचे व्यावहारिक कामही विसरता कामा नये. त्यासाठी दाराच्या खालच्या कडेस रबराची पट्टी लावली. ती दर दोन वर्षांनी बदलावी लागते.

नहाणीघराकडे आम्ही साहजिकच सर्वाधिक लक्ष दिले. जागा आठ फूट बाय सहा फूट. दरवाजा असा की चौकट व फळी वजा जाता मोकळी वाट नव्वद सें.मी. उरावी, आणि तो बाहेर उघडणारा. हा मुद्दा किरकोळ वाटतो, पण माणूस आत पडला आणि दार आत उघडणारे असले, तर पडलेल्या माणसाच्या अंगावरच ते उघडावे लागते. कडी आतून लागते, मात्र बाहेरून नाण्याने फिरविता येते. फरशी खोलीच्या पातळीत, कठडा नाही. पाणी अडविण्याऐवजी त्यास वाट करून द्यावयाची हे तत्त्व. फरशीला मीटरमागे दीड सें.मी. उतार आणि पलीकडच्या भिंतीशी लांबट जाळी. पहिल्या खेपेस मिस्त्रींनी सवयीप्रमाणे उतार दाराकडे काढला, आणि बादलीभर पाणी ओतून पाहताच ते सरळ मातोश्रींच्या खोलीत गेले. फरशी उखडून पुन्हा बसविली. म्हणून सांगतो, फरशी पक्की होण्यापूर्वी बादलीची परीक्षा अवश्य घ्यावी.

शौचकूपाची बैठक पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस सें.मी. उंच असावी. बाजारात मिळणारी कित्येक त्याहून ठेंगणी असतात, आणि गुडघ्यांना त्या दोन इंचांचा फरक बरोबर कळतो. धरावयाचे दांडे भिंतीत खोल बोल्टांनी आवळलेले हवेत. टॉवेल अडकविण्याच्या दांड्याला धरून उठणारा मनुष्य टॉवेलासह खाली येतो. आणि रंगांविषयी एक गोष्ट आम्हांस ठाऊकच नव्हती. पांढऱ्या फरशा, पांढऱ्या भिंती, त्यात पांढरे शौचकूप, हे दुकानात फार स्वच्छ दिसते. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना त्यात बैठक कोठे संपते आणि फरशी कोठे सुरू होते ते दिसत नाही. आम्ही भिंतीस गर्द निळा पट्टा दिला आणि दांडेही रंगीत घेतले. स्नानासाठी भिंतीलगत बांधीव बाकडे, त्याच उंचीचे, आणि तोटी हाताशी. आमच्याकडे पाटावर बसून तांब्याने अंगावर पाणी घेण्याची रीत. ती बाकड्यावर बसूनही पाळता येते. फक्त भरलेली बादली कोणी उचलू नये, म्हणून बादली ठेवण्यास बाकड्याशेजारीच छोटा कट्टा केला.

पलंगापासून नहाणीघराच्या दारापर्यंतची वाट सरळ, बिनवळणाची, आमच्या पावलांनी नऊ पावले. वाटेत भिंतीवर, घोट्याच्या उंचीवर, दोन मंद दिवे. त्यांचे बटण पलंगावरून हाताला येते.

स्वयंपाकघराविषयी बोलताना थोडे परदेशात जाणे भाग आहे. १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद स्त्रीने फ्रँकफुर्ट शहरातील नव्या वसाहतींसाठी एका स्वयंपाकघराची रचना केली. स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीची पावले घड्याळ लावून मोजून, आगगाडीच्या भोजनडब्यातील मुदपाकखान्याचा आदर्श पुढे ठेवून, सुमारे १.९ मीटर बाय ३.४ मीटर एवढ्या जागेत सारे हाताशी येईल अशी ती मांडणी. आज ज्याला आपण आधुनिक किचन म्हणतो त्याचे मूळ तेथे आहे. बुद्धिमत्तेस आम्ही वंदन करतो. परंतु त्या मांडणीत एकच स्त्री काम करते. आमच्याकडे गौरीच्या दिवशी एक पुरण वाटते, एक लाटते, एक भाजते, आणि चौथी केवळ चुका काढण्यास लागते. आणि जी वृद्ध झाली ती स्वयंपाकघरातून निवृत्त होत नाही. तिला बसून भाजी निवडावयाची असते, मीठ पडले का हे विचारावयाचे असते. म्हणून ओटे दोन केले. एक उभ्याने काम करण्याचा, आमच्या पत्नीच्या कोपरापेक्षा चार बोटे खाली. दुसरा पंचाहत्तर सें.मी. उंच, त्याच्याखाली कपाट नाही, जेणेकरून खुर्ची गुडघ्यांसह आत सरकावी. या दुसऱ्या ओट्यावर पुढे आमच्या कन्येने अभ्यास केला, पत्नीने पापड लाटले, आम्ही प्राप्तिकराचे विवरणपत्र भरले. घरातील सर्वांत वापरातील जागा कोणती, तर तीच.

म्हाताऱ्या माणसाची खोली मागे, शांत जागी असावी असे म्हणतात. आम्हीही प्रारंभी तशीच योजिली होती. पण आमच्या आजोळचा सातारा जिल्ह्यातील जुना वाडा आम्हांस आठवला. त्या वाड्यात दोष पुष्कळ. हातभर उंच उंबरे, भिंतीच्या पोटातील अंधारा जिना. तथापि आजोबांची बैठक सोप्यावर, दिंडीदरवाजाच्या समोर असे. आला-गेला त्यांना दिसे, प्रत्येकास त्यांच्याशी दोन शब्द बोलूनच आत जावे लागे. मागच्या खोलीत ठेवलेला माणूस घरात असूनही हळूहळू गावाला गेल्यासारखा होतो. मातोश्रींची खोली म्हणून पुढे घेतली, रस्त्याकडे, आणि खिडकीचा खालचा काठ नेहमीच्या तीन फुटांऐवजी दोन फुटांवर. खुर्चीत बसलेल्या माणसाला त्यामुळे आकाशाबरोबर रस्ताही दिसतो. दुसऱ्या महिन्यात भाजीवाला, शाळेच्या बसची मुले आणि दोन गल्ल्यांपलीकडील एक निवृत्त पोस्टमास्तर यांचा त्या खिडकीशी राबता सुरू झाला.

वास्तुशास्त्र जाणणाऱ्या एका नातलगांनी बजावले की ईशान्येस नहाणीघर येता कामा नये. मातोश्रींनीच निकाल दिला. "ईशान्य देवाला द्या. मला आग्नेय चालेल." पश्चिमेकडे जिना आणि कोठी टाकली, म्हणजे मे-जूनमधील उन्हाचा व लूचा मारा त्यांनी झेलावा. यात शास्त्र असेल वा नसेल. दुपारी तीन वाजता भिंतीवर हात ठेवून पाहिल्यास उत्तर मिळते.

जिन्याच्या दोन्ही बाजूंस कठडे केले, आणि वरच्या-खालच्या मजल्यांवर एकावर एक येतील अशी पाच फूट चौरस कोठारे ठेवली. पुढे कधी उद्वाहक बसवावयाचा झाल्यास मधली लादी तेवढीच फोडावी लागेल, अशा बेताने तिथले लोखंड बांधले आहे. सध्या तेथे पत्रावळी आणि गणपतीची मखर असते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, मजूर गावी गेले, आणि छताविना भिंती आठ महिने तशाच उभ्या राहिल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये गृहप्रवेश झाला. खर्चाविषयी अनेकजण विचारतात. आमच्या हिशेबवहीप्रमाणे रुंद दरवाजे, दांडे, जाळी, उतार व त्याचा कठडा मिळून सत्तर हजार रुपये अधिक लागले. पहिल्या दिवशी मातोश्री खुर्चीतून नहाणीघरात गेल्या, दार ओढून घेतले आणि आतून कडी लावली. कडीचा आवाज आम्ही बाहेर ऐकला. बराच वेळ झाला म्हणून आमच्या पत्नीने हाक मारली तेव्हा आतून उत्तर आले, "घाई आहे का कोणाला?"

त्या घरात त्या अडीच वर्षे राहिल्या. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या.

आता शेवटचा विषय, आणि तो या सभागृहाचा आहे. गेल्या रविवारी आम्ही मोजपट्टी घेऊन येथे आलो होतो. कार्यवाहांची परवानगी घेतली होती. आपल्या वास्तूच्या पुढच्या पायऱ्या सहा, प्रत्येकी पंधरा सें.मी.; म्हणजे चढ नव्वद सें.मी.चा. ग्रंथालय वरच्या मजल्यावर. स्वच्छतागृहाचा दरवाजा मोकळा साठ सें.मी. ज्यांनी पन्नास वर्षांपूर्वी वर्गणी मागत सायकलीवरून फिरून ही वास्तू उभी केली, ते तेव्हा तिशीत होते. पायऱ्या त्यांनी मोजल्या नाहीत, त्यांना दोष कोण देईल? परंतु त्यांपैकी जे हयात आहेत ते आज या सुवर्णमहोत्सवास आलेले नाहीत. ज्यांनी आपल्या मुलांना अथर्वशीर्ष शिकविले ते आजोबा तीन वर्षांत गणेशोत्सवास आले नाहीत; प्रकृती ठीक नसते असे ते कळवितात. आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. प्रकृती उत्तम आहे. त्यांना दोघांनी खुर्चीसकट उचलून वर आणलेले आवडत नाही, एवढेच.

नव्वद सें.मी.साठी उतार लागतो दहा मीटर ऐंशी सें.मी., मध्ये दीड मीटरचा विसावा. एकूण बारा मीटर तीस. उत्तरेकडील कुंपणाची लांबी बारा मीटर वीस भरली. दहा सें.मी. कमी पडतात, आणि माथ्यावर व पायथ्याशी खुर्ची थांबण्यास जागा हवी ती निराळीच. म्हणून उतार विसाव्यापाशी काटकोनात वळवावा लागेल. त्या वळणावर चाफा आहे. तो तोडावा लागत नाही. आम्ही खोडापासून दोनदा मोजले आहे, एक मीटर दहा सें.मी. मोकळे राहतात. ग्रंथालयातील निदान दिवाळी अंक आणि वृत्तपत्रे खालच्या खोलीत आणता येतील. त्या खोलीत सध्या नाटकाचे जुने पडदे आहेत. नकाशा वास्तुविशारदबाईंनी विनामूल्य काढून दिला असून तो दाराशेजारच्या फलकावर लावला आहे. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता आम्ही अंगणात चुन्याची फक्की घेऊन येणार आहोत. मातोश्रींची खुर्ची आमच्याकडे आहे, तीही आणू.